प्रत आणि परत

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल इथे भजन झाले, उद्या मुलांच्या स्पर्धा आहेत. मधल्या संध्याकाळी मला संगणकावर बोलायला उभे करून कार्यवाहांनी आरतीनंतरची गर्दी लवकर पांगवण्याची सोय केली आहे, असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे. घरच्या संगणकावर जे साठवले आहे त्याची दुसरी प्रत ठेवणे, आणि मूळ गेले तर त्या प्रतीवरून ते परत आणणे. पहिल्याला बॅकअप म्हणतात, दुसऱ्याला रिस्टोअर. पहिला शब्द आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दुसरा शब्द मी घराघरांत फारसा ऐकत नाही, म्हणून आज त्याच्यावरच जास्त बोलणार आहे.

तंजावरात उभे राहून हा विषय काढायचा तर लांब जावे लागत नाही. तिरुवैयारूवरून कोल्लिडम ओलांडून पलीकडे गेले की तिरुमळपाडीचे वैद्यनाथस्वामींचे देऊळ लागते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला राजराज चोळाने तिथला जुना गाभारा उतरवून नवा बांधायचा हुकूम दिला. जुन्या भिंतींवर दानपत्रे कोरलेली होती. कोणी किती जमीन दिली, दिव्याच्या तेलाची व्यवस्था काय, सगळे त्या दगडांवर. भिंत पाडली की ते गेले. म्हणून भिंत पाडण्याआधी सगळे शिलालेख पुस्तकात उतरवून घेण्यात आले, आणि पुढे त्याच्या मुलाच्या, राजेंद्राच्या, कारकिर्दीत ते नव्या भिंतींवर पुन्हा कोरले गेले. हे सगळे तिथल्या शिलालेखातच सांगितलेले आहे. उतरवून घेतले तो बॅकअप झाला. पुन्हा कोरले ते रिस्टोअर. मधे राजा बदलला, तरी ते पुस्तक जागेवर सापडले आणि ते वाचणारा माणूसही सापडला. माझ्या मते या गोष्टीतला खरा पराक्रम उतरवून घेण्यापेक्षा या शेवटच्या वाक्यात आहे.

आता घरचे उदाहरण. आपल्याच ओळखीतले एक कुटुंब, नाव सांगत नाही. घरात आजी होत्या. त्यांची मराठी इथलीच, तंजावरची. जुने मराठी शब्द आणि मधेच सहज येणारे तमिळ. पुण्याहून येणारे पाहुणे आधी हसत आणि मग गप्प बसून ऐकत. २०१४ साली नातवंडांनी त्यांना बोलते केले. सणांचे स्वयंपाक, लग्नातली गाणी, कोणाचे घर कोणत्या वीथीत होते, असे जवळजवळ पाच तासांचे रेकॉर्डिंग झाले. ते लॅपटॉपवर ठेवले. घरातल्या सुनबाई व्यवस्थित, त्यांनी बाहेरची हार्ड डिस्क आणून त्यावर ‘आजी बॅकअप’ असे फोल्डर केले, डिस्क कपाटात ठेवली. दोन वर्षांनी आजी गेल्या. २०१९ मध्ये लॅपटॉपची डिस्क टक-टक आवाज करू लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. कोणी घाबरले नाही, कारण कपाटात डिस्क होती. मला बोलावले ते केवळ नव्या लॅपटॉपवर माहिती भरून द्यायला.

फोल्डर उघडले. आत एकच फाईल, दोन किलोबाइटची. तो शॉर्टकट होता. डेस्कटॉपवर आपण फोल्डरकडे जाण्यासाठी जे चिन्ह ठेवतो, त्याच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो. ते चिन्ह म्हणजे घराच्या दारावरचा पत्ता, घर नव्हे. सुनबाईंनी पत्ता उचलून डिस्कवर ठेवला होता. मूळ लॅपटॉप चालू होता तोवर त्या चिन्हावर टिचकी मारली की रेकॉर्डिंग वाजत असे, म्हणजे तपासले तरी सगळे ठीकच वाटले असते. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने ते चिन्ह असे बनवले, त्याने घरातल्या माणसांचा विचार केला नव्हता, इतकेच मी म्हणेन. बंद पडलेली डिस्क चेन्नईला दुरुस्तीच्या एका ठिकाणी पाठवली, काही निघाले नाही. चेन्नईच्या नातवाच्या जुन्या ईमेलमध्ये अकरा मिनिटे सापडली. पाच तासांतली अकरा मिनिटे.

दोन किलोबाइट हा आकडा लक्षात ठेवा. पाच तासांचे रेकॉर्डिंग दोन किलोबाइटचे असूच शकत नाही. प्रत केल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत या दोन्हींवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज पाहावे. आकार आणि फायलींची संख्या जुळली पाहिजे. एक मिनिटाचे काम आहे. आणि मग ती डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावून एक फाईल उघडावी. दुसऱ्याच, हा शब्द मी मुद्दाम म्हणतो.

इथे सांगली जिल्ह्यातून, खानापूर-आटपाडीकडून आलेले आपले गलाईवाले बांधव बसले आहेत. समोर आलेला दागिना सोन्याचा आहे हे गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून ते मानतात का? कसोटीला लावतात, कस पाहतात, मग भाव बोलतात. बॅकअपचा कस एकच, त्यातली वस्तू परत येते का. मी बँकेत होतो तेव्हा दिवसाचे काम संपले की सगळ्या खात्यांची प्रत काढायची आणि तिची एक प्रत दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत पाठवायची, हा नेम होता. तो सगळे पाळत. पण तिजोरीतली प्रत आणून, वेगळ्या यंत्रावर चढवून, शिल्लक जुळते का ते पाहण्याचा दिवस आला की कारकुनापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांची तोंडे वाकडी होत. माझे समोर बसलेले सहकारी हसत आहेत, म्हणजे त्यांना आठवते आहे.

मोठ्यांचेही असेच होते. ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट होतच नव्हता आणि ते कोणाला कळले नव्हते. चित्रपट वाचला, कारण गॅलिन सुसमन या तिथल्या अधिकारी बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या यंत्रावर एक प्रत होती. चादरीत गुंडाळून ते यंत्र मोटारीतून कंपनीत नेले म्हणतात. आपल्याकडे असे नशीब दरवेळी दार ठोठावत नाही.

आता, माहिती जाते कशी? डिस्क झिजते, हे झाले नेहमीचे. आपल्या भागात वीज आणि पाणी ही दोन कारणे त्यात घाला. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज वादळ आले, तेव्हा पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू भागात दिवसेंदिवस वीज नव्हती. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत पाणी चढले, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत संगणक आणि त्याच्याच खालच्या खणात ठेवलेली बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच पाण्यात भिजली. एका घरात एका टेबलावर दोन प्रती म्हणजे आगीच्या आणि पाण्याच्या दृष्टीने एकच प्रत.

खंडणीखोर विषाणू हा नवा चोर. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा असा विषाणू दीडशे देशांत पसरला, दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. असा विषाणू संगणकाला जोडलेली बाहेरची डिस्कही सोडत नाही. म्हणून प्रत झाली की डिस्क काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेली डिस्क ही या चोराच्या हिशेबी दुसरी खोली आहे, तिजोरी नव्हे.

आणि एक नवे निमित्त. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यामुळे आपल्यापैकी अनेक जण जुना संगणक बदलत आहेत. माझा अनुभव असा, की डिस्क मोडून जितके फोटो गेले त्याहून कमी काही संगणक बदलताना गेले नाहीत. जुने यंत्र दुकानदाराला दिले, त्याने ‘सगळे नव्यात टाकले’ म्हणून सांगितले, आणि डेस्कटॉपवरचे तेवढे आले, बाकी राहिले. नवे यंत्र आले तरी जुन्याची डिस्क महिना-दोन महिने हातची सोडू नका.

‘आमचे सगळे क्लाऊडवर आहे’ असे तरुण मंडळी म्हणतात. चांगले आहे, ठेवा. पण तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने वावरतात. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह बहुतेक वेळा आरसा असतो. इकडे फाईल पुसली की तिकडेही पुसली जाते. कचरापेटीत ती काही दिवस राहते, मग तीही रिकामी होते. आरशात चेहरा दिसतो म्हणून आपण दोन होत नाही. दुसरे, ही कंपनीची जागा आहे. ऑर्कुट आठवते? कितीतरी घरांची लग्ने त्यावर होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झाले. पूर्वसूचना होती, उतरवून घ्यायला मुदतही होती. ज्यांनी घेतले त्यांचे राहिले. गुगल फोटोची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून संपली, आता पंधरा जीबीच्या पुढे पैसे. दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते गुगल पुसू शकते, असाही नियम झाला आहे. गेलेल्या वडिलांच्या खात्यातले फोटो ‘आहेत तिथे’ म्हणून निवांत बसलेल्यांनी हे घरी जाऊन पाहावे.

आणि परत आणायला वेळ किती लागतो, तोही हिशेब करा. पाचशे जीबी माहिती चाळीस एमबीपीएसच्या जोडणीवरून उतरवायची तर अखंड अठ्ठावीस तास लागतात. बाहेरच्या चांगल्या हार्ड डिस्कवरून तीच दीड तासात येते. जीएसटीचे विवरण उद्या भरायचे असेल तर हा फरक फार मोठा.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे, तो घरगुती माणसाला पुरतो. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपल्या भाषेत सांगायचे तर एक संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर, एक क्लाऊडवर. क्लाऊड नको असेल तर तिसरी डिस्क गावाकडे भावाच्या घरी. विट्याला दिवाळीत जाताना एक डिस्क न्यायची आणि मागच्या दिवाळीची परत आणायची. एसटीच्या तिकिटाखेरीज खर्च नाही. पेन ड्राइव्ह मात्र कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी नाही, तो निरोप्या आहे. त्याच्यावर वारशाचा भार टाकू नका.

विंडोजमध्ये फाईल हिस्टरी नावाची सोय आहे. बाहेरची डिस्क लावून ती चालू केली की ती बदललेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवते. हे महत्त्वाचे, कारण फाईल बिघडल्याचे आपल्याला महिन्याने कळते आणि तोवर बिघडलेल्याचीच प्रत झालेली असते. दुकानदारांनी टॅलीचा बॅकअप घेताना तारखेचे फोल्डर करावे, रोज एकाच फायलीवर फाईल लिहू नये. आणि टॅलीत रिस्टोअर करून पाहताना चालू कंपनीच्या फोल्डरात कधीही करू नका. जुने आणाल आणि आजचे त्याच्याखाली गाडाल. वेगळे फोल्डर, शक्य तर वेगळा संगणक. तिथे कंपनी उघडा, शेवटच्या व्हाउचरची तारीख पाहा, रोख शिल्लक कागदावर लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळते का पाहा. जुळली तर तो बॅकअप. तोवर ती नुसती फाईल.

फोटो असतील तर एक फोटो पूर्ण मोठा करून पाहा, नुसते छोटे चित्र दिसले म्हणून समाधान मानू नका. ध्वनिफीत असेल तर शेवटपर्यंत ढकलून शेवटचे मिनिट ऐका. वर्षातून दोनदा पुरे. मी पाडव्याला आणि गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी करतो. आदल्या दिवशी घरातले सगळे स्वयंपाकघरात आणि मखरात गुंतलेले असतात, माझी कोणाला अडचण होत नाही.

आता थोडे आपल्या सरस्वती महालाविषयी. सरफोजीराजांनी वाढवलेले हे ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुले आहे. चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. ताडपत्राला गवती चहाचे तेल लावून किडीपासून जपतात. पण तेलावर ताडपत्र अमर होत नाही. ते काही पिढ्या टिकते, मग लेखक बसवून नव्या पानांवर उतरवायचे. आपल्यापर्यंत आलेले बहुतेक ग्रंथ हे प्रतीच्या प्रतीची प्रत आहेत. वस्तू टिकली असे नाही, उतरवण्याचे काम थांबले नाही म्हणून मजकूर टिकला. आपल्या डिस्कचेही तेच. पाच-सहा वर्षांनी डिस्क जुनी झाली असे धरून नवीवर उतरवायचे.

पण त्याच परिसरात आपल्याला एक वेगळी गोष्ट दिसते. मराठा राजवटीच्या दप्तराची मोडीतली बासने शेकड्यांनी आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारे किती? आपल्या पणजोबांना जे पोस्टकार्डासारखे वाचता येत होते ते आपल्याला चित्रासारखे दिसते. तमिळ विद्यापीठाने यातल्या काही मोडी कागदांची तमिळ भाषांतरे खंडरूपाने छापली, ती अभ्यासकांच्या मोठ्या उपयोगी आहेत. मराठीतून लिहिलेला तंजावरचा हिशेब आज मराठी माणसाला तमिळमधून वाचावा लागतो, यात कोणाला हसू येईल, कोणाला वाईट वाटेल. मला दोन्ही होते. उलट बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेले भोसले वंशचरित्र पाहा. अक्षरे बाळबोध असल्यामुळे आपली मुले बोट फिरवत ती लावतात.

हे सांगण्याचे कारण आपल्या या स्मरणिकेपाशी येते. आपले जुने अंक पेजमेकरमध्ये जुळवलेले आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. मंडळाच्या कपाटात त्यांच्या सीडी आहेत. मी गेल्या महिन्यात त्या वाचून पाहिल्या. दोन सीडी वाचल्याच गेल्या नाहीत. बाकीच्या वाचल्या, फायली पूर्ण आल्या, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याच्या खुणा. याला बिघाड म्हणत नाहीत. त्या काळच्या फाँटमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक नव्हता. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकाला मराठी पोशाख चढवलेला असे. फाँट नसला की पोशाख उतरतो. युनिकोडमध्ये ‘क’ ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून आज इथे लिहिलेले अमेरिकेत उघडते. विशेष म्हणजे २०१४ पासून मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे. जुन्या फाँटवरून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मिळतात, जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतात, माणसाला बसून दुरुस्त करावे लागते. पेजमेकरचा विकास ॲडोबने केव्हाच थांबवला, आजच्या यंत्रावर ती फाईल सरळ उघडत नाही. अजून एका निवृत्त जुळणीकाराकडे जुने यंत्र चालू आहे. ते चालू आहे तोवर प्रत्येक अंकाची पीडीएफ आणि साधा युनिकोड मजकूर काढून घ्यायला हवा. त्या अंकांत आपल्यातल्या गेलेल्या माणसांचे लेख आहेत, त्यांची दुसरी प्रत त्यांच्या घरीही नाही.

शेवटचा मुद्दा किल्लीचा, तो लवकर संपवतो कारण प्रसाद तयार आहे. माहिती आहे, प्रत आहे, फाँट आहे, आणि पासवर्ड फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे. तो माणूस रुग्णालयात. असे प्रसंग मी इथे दोन पाहिले आहेत. नव्या संगणकांत बिटलॉकर नावाचे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते. त्याची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, नाहीतर कुठेच नसते. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला कुलूप लावले असेल तर त्याचाही पासवर्ड किंवा चौसष्ट आकडी किल्ली लागते, आणि ती हरवली तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. हे कागदावर लिहा. हो, कागदावरच. दागिन्यांच्या डब्यात ठेवा आणि घरातल्या एका माणसाला डबा दाखवा. आईवडिलांशी हे बोलायला अवघड वाटते, मला कल्पना आहे. विषय म्हणून नको, ‘तुमचे फोटो मला बघायचे आहेत’ म्हणून बसा.

परवा विसर्जन. त्यानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून मी आणि बँकेतले दोघे सहकारी याच सभागृहात तीन संगणक लावून बसतो. आपापली बॅकअपची डिस्क घेऊन या, तिची केबलही आणा, कारण प्रत्येकाची वेगळी असते. प्रत्येकाची एक फाईल आमच्या यंत्रावर उघडून पाहू. उघडली तर चहा तुमच्याकडून, नाही उघडली तर आमच्याकडून. ज्यांच्याकडे घरच्या वडीलधाऱ्यांची रेकॉर्डिंग्ज आहेत त्यांनी आधी नंबर लावावा. ती आम्ही पहिल्यांदा घेऊ.